मैना मोठ्या घाटात का पळेना

घोडी बघायला आलेला माणूस आधी तिचं तोंड बघतो, मग मान, मग छाती. मी आधी खाली बघतो. चाळीस वर्षं खालीच बघत आलोय. आमच्या भागातली निम्मी माणसं मला त्यांच्या जनावरांच्या पायांवरून आठवतात. नाव विचाराल तर गडबडेन, पण त्याच्या तांबड्या बैलाच्या मागच्या डाव्या खुराला चीर होती, हे बरोबर सांगेन.

मी नालबंद. कळंबला, हमरस्ता सोडून थोडं आत, माझी पत्र्याची शेड आहे. लहानथोर सगळे मला चाचा म्हणतात. दिवाळी अंकाचे संपादक आले आणि धंद्यातले अनुभव लिहा म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, अहो, माझं शिक्षण सातवी, अक्षर वाचायला मलाच त्रास होतो. ते म्हणाले, लिहा हो, आम्ही नीट करून घेऊ. तेव्हा यात काही चुकलेलं आढळलं तर ती चूक त्यांची. एक सोडून. ती माझी आहे आणि तीच सांगायला बसलोय.

आधी धंदा समजून घ्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला एका पायात दोन पत्र्या लागतात. चार पायांच्या आठ. त्यासाठी बैल दोर टाकून पाडावा लागतो, आणि पडलेला बैल ज्या नजरेनं बघतो ती सोसायला आपली कातडी जाड लागते. घोडीला पत्री नाही, नाल. ती उभीच असते. तिचा पाय मांडीवर घ्यायचा, जुना नाल काढायचा, वाढलेला खूर सुरीनं कापायचा, कानशीनं सपाट करायचा आणि नवा नाल बसवून खिळे ठोकायचे. खुराची बाहेरची कड म्हणजे आपलं नखच. तिच्यात खिळा गेला तर दुखत नाही. पण नखाच्या आत जिवंत भाग असतो, आणि खिळा नुसता त्याच्या जवळून गेला तरी खेळ बिघडतो. मधलं अंतर ज्वारीच्या दाण्याएवढं. ते डोळ्याला दिसत नाही, हातोडीच्या आवाजावरून ओळखायचं. आवाज कडक आला की खिळा नखात आहे, दबका आला की काढ बाबा बाहेर. माझ्या वडिलांनी मला हातोडी देण्याआधी वर्षभर शेजारी बसवून नुसता आवाज ऐकायला लावला होता. तेव्हा लई राग यायचा.

ट्रॅक्टर आले आणि पत्र्या मारून घेणारे बैल कमी झाले. आता माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक शर्यतीवाले. दुसरे ओझरच्या गणपतीला निघालेले मोटारवाले, ज्यांना दाराला ठोकायला जुना नाल हवा असतो, आणि तोही काळ्या घोड्याचा. एका गृहस्थानं मला पाच वेळा विचारलं, "नक्की काळ्याच घोड्याचा ना?" शेवटी मी म्हटलं, "साहेब, घोडा तांबडा होता, पण सावली काळी पडायची." त्यांनी नाल परत ठेवला आणि बायकोला घेऊन निघून गेले. बाई मात्र गाडीत बसेपर्यंत हसत होत्या.

खरं तर शर्यतीच्या घोड्यांचे जुने नाल मी कुणाला देतच नाही. ते माझ्या शेडच्या भिंतीला टांगलेले असतात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी करायची, तिच्यावर खिळ्यानं लिहायचं आणि तारेनं नालाला बांधायची. घोडीचं नाव, नाल घातल्याचा दिवस, आणि ते नाल पायात असताना ती ज्या ज्या शर्यतीच्या घाटात पळाली त्या घाटांची नावं आणि सेकंद. हा नाद कधी लागला आठवत नाही, पण त्यानं माझं नाव झालं. पुढं झिजलेला नाल म्हणजे घोडी पुढच्या पायानं जोर लावते, तिला ओला मऊ घाट मानवतो. टाचेला झिजलेला म्हणजे ती मुरमाला भिते, उतारावर मागं रेटते. गाडामालक यायचे, नाल हातात घेऊन उलटासुलटा करायचे आणि विचारायचे, "चाचा, हिला कुठला घाट धरंल?" मी सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यामुळे माणूस जरा चढतो, तसा मी चढलो.

शर्यत न बघितलेल्यांसाठी दोन शब्द. आमच्याकडे घाट म्हणजे चढाची सरळ धावपट्टी. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणतात. चार बैल, हलका गाडा, आणि शर्यत घड्याळाशी. गाड्याच्या पुढं एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि बैल तिच्या मागं जीव खाऊन धावतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, घोडी जितकी वेगवान तितकं चांगलं. इथंच सगळे फसतात. घोडी फार पुढं गेली की बैल मन सोडतात. मागं राहिली की बैल तिच्या अंगावर येतात आणि सगळा ताल मोडतो. तिनं बैलांच्या नाकापुढं एका कासऱ्याच्या, म्हणजे बैलाच्या दोराएवढ्या, अंतरावर राहायचं, ना कमी ना जास्त. बैल वाढले की वाढायचं. म्हणजे घोडीच्या पायात वेग शिल्लक पाहिजे आणि डोक्यात शहाणपण. अशी घोडी दोन तालुक्यांत चार-पाच सापडतील.

दत्तोबा अण्णांची मैना त्यातली एक. अण्णा ओझरच्या अलीकडचे बागायतदार, कांदा आणि टोमॅटोवाले. माणूस चांगला, पण शर्यतीच्या दिवसांत स्वतःच्या बायकोशीसुद्धा ते बैलांबद्दलच बोलतात. मैनावर किसन बसायचा. किसन घोडेगावच्या वरच्या डोंगरातला, भाताची चार खाचरं असलेला, पन्नाशीला आलेला, अंगानं काडी. शर्यतीच्या मोसमात तो अण्णांच्या गोठ्यावरच राहायचा. मैना शिंगरू असल्यापासून तिचं सगळं त्यानंच केलं होतं. त्याला मूलबाळ नाही. तो तिच्याशी बोलायचा आणि आपण जवळ गेलो की गप्प व्हायचा.

मैनाचा एकच घोटाळा होता. वाड्यावस्तीच्या छोट्या यात्रांत ती अशी पळायची की बघत राहावं. मोठ्या यात्रेच्या घाटात मात्र पाऊल आखडायचं. लंगडायची नाही. पण वाढायची वेळ आली की वाढायची नाही, बैल अंगावर यायचे आणि बारी वाया जायची. एकदा नाही, दोन मोसमांत चारदा. छोटा घाट, पहिला नंबर. मोठा घाट, हसू.

अण्णा माझ्याकडं आले. "चाचा, हिचं कायतरी बघा राव. मोठ्या देवाच्या दारात माझी मान खाली जाती."

मी भिंतीपुढं खुर्ची टाकून बसलो आणि मैनाचे नाल खाली काढले. आधी वाटलं, जमीन. मोठ्या घाटात मुरूम टाकून रोलर फिरवतात, पाय आपटतो. पण एक छोटा घाटही मुरमाचा होता आणि तिथं ती पहिली आली होती. मग वाटलं, ऊन. मोठ्या यात्रेत बाऱ्या फार, नंबर दुपारी लागतो. पण एकदा सकाळी नंबर लागला तेव्हाही ती तशीच पळाली. राहिली गर्दी, भंडारा आणि माईक. किसननं तिच्या कानात कापूस घातला. अण्णांनी गोठ्यात स्पीकर लावला आणि यात्रेचं रेकॉर्डिंग दिवसभर वाजवायला सुरुवात केली, "भिर्रर्र" आणि शिट्ट्या आणि सगळं. चार दिवसांनी शांतावहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, माझ्या शेडवर आल्या. म्हणाल्या, "चाचा, घोडी त्या आवाजात झोपा काढती. म्हशींनी मात्र दूध कमी केलंय. कुणाचं औषध कुणाला चाललंय ते बघा जरा."

त्याच सुमारास किसन नाल घालायला मैनाला घेऊन आला. मोठी यात्रा दुसऱ्या दिवशी होती. आमच्याकडे रीतच आहे, देवाला जाताना अंगावर कोरं कापड, तसे मोठ्या घाटाला घोडीच्या पायात कोरे नाल. आदल्या दिवशी नाल घालायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, नालबंदाला टॉवेल-टोपी. शेडमध्ये दहा माणसं बसलेली. किसन खाली बघत म्हणाला, "चाचा, येक सांगू का? नवं नाल घातलं की ही चार-पाच दिस पाय जपून टाकती. चालताना कळत न्हाई, पर वर बसल्याव मला कळतं."

मी हातोडी थांबवली नाही. म्हटलं, "किसन, तू वर बसतोस ना? मग वरचं बघ. खालचं माझ्याकडं असू दे."

माणसं हसली. किसनही हसला, बिचारा.

दुसऱ्या दिवशी मैनानं पाचव्यांदा तेच केलं. बारी झाल्यावर घाटाच्या कडेला चहाच्या टपरीपाशी अण्णा कपाळाला हात लावून बसले होते. भोवती गाडामालक. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण घोडीबद्दलचं शेवटचं मत माझं असायचं. मला काहीच सुचत नव्हतं. पण सुचत नाही हे म्हणायची सवय राहिली नव्हती. मी म्हणालो, "अण्णा, घोडीत दोष नाही. नालात दोष नाही. मग राहिलं कोण?"

सगळ्यांनी माना वळवल्या. किसन मैनाला पाणी दाखवत होता. मी पुढं आणखी म्हणालो, "मोठा घाट बघितला की याचा हात आखडतो. लगाम जड होतो. घोडीला ते समजतं."

अण्णा त्याला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "किसन, आता तू जरा घरी जाऊन ये." किसननं लगाम अण्णांच्या हातात दिला, मैनाच्या कानातला कापूस काढून खिशात घातला आणि एसटीच्या रस्त्याला लागला. मी चहा प्यायलो. चांगला झाला होता चहा, हेही आठवतं, आणि त्याची आता लाज वाटते.

पुढच्या मोठ्या घाटाला खेडकडचा एक नावाजलेला स्वार आणला. मैनाला नवे नाल घातले, हळदकुंकू झालं, मला टॉवेल-टोपी मिळाली. आणि मैना तशीच पळाली, उलट जरा वाईटच. पंधरा दिवसांनी अण्णा कळवायला आले की नारायणगावच्या बँडवाल्याला ती देऊन टाकतोय. वरातीला नवरदेव पाठीवर घेऊन नाचेल. "गुरुवारी न्यायला येत्यात. त्याच्या आधी तिचं जुनं नाल काढून घ्या, त्येंना चकचकीत पायजेत म्हणं."

मैनाला त्यांनी बुधवारी माझ्याकडं सोडलं. मी चारी नाल उतरवले आणि सवयीनं पट्टी लिहायला बसलो. त्या पट्टीवर दोन नावं होती. आधी तो मोठा घाट, खेडच्या स्वाराचा, सेकंद वाईट. खाली आठ दिवसांपूर्वीचा एका वस्तीचा घाट, त्याच स्वाराचा, सेकंद चांगले. नाल टांगायला भिंतीपाशी गेलो आणि शेजारच्या पट्ट्यांवर नजर गेली. मैनाच्या सहा पट्ट्या होत्या. सहाही पट्ट्यांवर पहिली ओळ वाईट, आणि खालच्या सगळ्या चांगल्या.

मी दोन वर्षं त्या पट्ट्यांवर घाटांची नावं वाचत होतो. ओळींचा क्रम कधी वाचलाच नव्हता. मोठा घाट नेहमी पहिल्या ओळीत, कारण मोठ्या घाटासाठीच नवे नाल घालायचे. तिला गर्दी बाधत नव्हती, मुरूम बाधत नव्हता, किसन तर नाहीच नाही. तिला कोरे नाल बाधत होते. म्हणजे मी बाधत होतो.

पकड घेतली आणि पुढच्या उजव्या पायाचा खूर खिळ्यांच्या भोकांपाशी हळूच दाबून बघितला. आतल्या बाजूच्या भोकांशी काही नाही. बाहेरच्या दुसऱ्या भोकाशी दाबलं आणि तिनं पाय ओढून घेतला. इतक्या दिवसांनीही थोडं शिल्लक होतं. सुरीनं कड साफ केली तर दिसलं, मैनाच्या खुराचं नख जन्मतःच पातळ. मी मात्र सगळ्या घोड्यांना मारतो तेच जाड खिळे तिला मारत आलो. खिळा जिवाला लागत नव्हता, पण जिवाला दाबत होता. चार-सहा दिवसांत नख सैलावलं की तिचं दुखणं जायचं. मला सगळं समजलं आणि मी तिथंच, शेडच्या जमिनीवर, तिचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिलो. किसननं मला हे तोंडावर सांगितलं होतं, आणि मी दहा माणसांत त्याला हसण्यावारी नेलं होतं.

अण्णांना फोन केला आणि गुरुवारचा बेत थांबवा म्हणून सांगितलं. का ते नंतर सांगतो म्हटलं. मग घोडेगावला जाऊन डोंगरातली एसटी धरली.

किसन खाचराच्या बांधाला दगड लावत होता. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, सगळीकडं काळी राख. त्यानं मला बघितलं, हात धुतले, पाणी आणून दिलं. मी जे झालं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्यानं पहिलं विचारलं, "घोडी इकली का?"

"नाही अजून."

"मंग बरं झालं."

मी म्हटलं, "किसन, तू मला बोलला होतास."

"व्हय, बोललो व्हतो." त्यानं बांधाचा एक दगड हलवून नीट बसवला. "पर तुमी न्हाई म्हनला. मला वाटलं, चाचाला आपल्यापरीस जास्त कळतंय. मंग मलाच वाटाया लागलं, आपलाच हात आखडतोय. राती हात बघायचो मी, चाचा. खरंच आखडतोय का म्हून."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

किसन माझ्याबरोबरच परत आला, आणि अण्णांनाही मी सगळं सांगितलं. मोसमातला शेवटचा मोठा घाट अजून तीन आठवडे लांब होता. मी मैनाला बारीक खिळ्यांनी, एका बाजूला एक खिळा कमी मारून, नाल घातले आणि अण्णांना सांगितलं की यात्रेच्या आदल्या दिवशी ते बदलायचे नाहीत. अण्णा बिथरले. "देवाच्या दारात जुनं नाल घालून न्यायची? लोकं काय म्हनतील? देव काय म्हनंल?" घोडी हरली तर चालेल, पण रीत मोडायची नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. तोड शांतावहिनींनी काढली. त्या म्हणाल्या, "नवं नाल घ्या की चार. हळदकुंकू लावा आणि देवाच्या पायाशी ठेवा. देव कोरं घालंल, मैना जुनं घालंल." अण्णांनी चार नव्या नालांचे पैसे माझ्या हातात ठेवले.

एक काम राहिलं होतं. मी किसनचं नाव घाटात घालवलं होतं, ते घरी बसून परत येणार नव्हतं. मनात येत होतं, बारी होऊ दे, नंबर आला की सांगू, तेव्हा सगळे हसून सोडून देतील. पण नंबर आल्यावर कबूल करण्यात काय जातंय? आणि नाही आला तर मी बोलेन याची मलाच खात्री नव्हती. म्हणून अण्णांचा गाडा जुंपायला घेतला तेव्हाच मी माईकवाल्यापाशी गेलो. त्याला वाटलं, चाचा घाटाबद्दल दोन शब्द बोलणार. त्यानं कौतुकानं माझं नाव पुकारलं.

मी म्हटलं, "मंडळी, मैना मोठ्या घाटात पळत नाही, त्याला किसनचा हात कारण आहे, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. खिळा माझा चुकत होता. किसननं मला आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. आता बारी कशीही होवो, दोष त्याचा धरू नका."

मग कुणीतरी लांबून ओरडलं, "चाचा, मंग आमच्या घोड्यांचं काय?" आणि हशा पिकला. त्या मोसमानंतर चार-पाच गिऱ्हाइकं दुसऱ्या नालबंदाकडं गेली. जायचीच.

बारी सुटली. सगळे बैलांकडं बघत होते, मी खाली बघत होतो. मैनाचा पुढचा उजवा पाय. पहिल्या टापेला बिचकला नाही, दुसऱ्या टापेला पूर्ण उघडला. मधल्या टप्प्यावर बैल वाढले, तसा किसन मानेवर वाकला आणि मैना वाढली, एक कासरा अंतर, ना कमी ना जास्त. निशाण पडलं. त्या दिवशी आमच्यापुढं एकच गाडा राहिला, नंबर दुसरा आला. अण्णा रडत होते आणि आपण रडत नाही असं सगळ्यांना सांगत होते. किसन खाली उतरला, मैनाचा उजवा पाय उचलून त्यानं खूर हातानं पुसला आणि मला एवढंच म्हणाला, "गार हाय, चाचा. तापला न्हाई."

मैना अजून अण्णांकडंच आहे. महिन्या-सव्वामहिन्यानं किसन तिला घेऊन येतो. आता तो दोरी धरून लांब उभा राहत नाही. तिच्या गळ्याला तळहात लावून उभा राहतो. हातोडीचा आवाज मी ऐकतो, घोडीचं अंग तो ऐकतो. प्रत्येक खिळ्याला मी मान वर करून त्याच्याकडं बघतो. तो "हां" म्हणाला की पुढचा खिळा.

परवा तिसऱ्या खिळ्याला तो काहीच बोलला नाही. आवाज तर कडक आला होता, मला त्यात काही खोट वाटली नव्हती. शेडमध्ये माणसं बसलेली होती, ती बघत होती. मी पकड घेतली आणि खिळा उपटून काढला.